मुलांच्या तसबिरींवर चाललेली कात्री

शनिवार-रविवारीं वरसोली, आक्षी, नागांव किंवा काशीद ह्यांपैकीं कोणत्याही किनाऱ्यावर जाऊन उभें राहावें. जिकडे पाहावें तिकडे लहान मुलांचे फोटो काढणें चाललेलें दिसतें. आईबाप काढतात, मामा-मावश्या काढतात, आणि ज्यांस ऐपत आहे ते मुंबईहून किंवा पुण्याहून धंदेवाईक छायाचित्रकार बरोबर घेऊन येतात. इतक्या लांबून, इतका खर्च करून, समुद्राकांठीं मूल उभें करावें, आणि शेवटीं जी तसबीर घरच्या भिंतीवर लागते तींत समुद्र नसावा, कांठ नसावा, आणि पाहूं गेल्यास मूलही नसावें, नुसते दोन गाल असावे, हा प्रकार आम्हांस मोठा चमत्कारिक वाटतो. तो केवळ चमत्कारिक असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु तो मुलांवर अन्याय करणारा आहे, आणि ज्या किनाऱ्यावर तो चालतो त्या किनाऱ्यावरही अन्याय करणारा आहे, असें आमचें मत असल्यामुळें त्याविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे.

एक उदाहरण देतों. आमच्या एका स्नेह्यांची तीन वर्षांची नात गेल्या माघांत आक्षीच्या किनाऱ्यावर नेली होती. सकाळची वेळ, पुरती ओहोटी. तिच्या बापानें काढलेलें मूळ छायाचित्र आम्हीं पाहिलें आहे. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यांत, खालच्या बाजूस, मुलगी उभी आहे. तिच्यामागें आजी किंचित् वांकून उभी आहे व आजीचा हात नातीच्या खांद्यावर आहे. उरलेली सारी चौकट ओल्या वाळूची. त्या वाळूंत आकाश उतरलेलें. आणि फार लांब, एका रेघेएवढें, मागें हटलेलें पाणी. मुलगी त्या पाण्याकडे पाहत आहे. तिचा चेहरा अर्धाच दिसतो. पण जावें कीं न जावें हा तिच्यापुढें पडलेला प्रश्न तिच्या ताठ पाठींतून आणि वाळूंत रोवलेल्या अंगठ्यांतून कोणालाही वाचतां येतो.

हें छायाचित्र मोठें करून घेण्यासाठीं एका स्टुडिओंत दिलें. चार दिवसांनीं तसबीर आली ती अशी: मुलीचा अर्धा चेहरा हातभर मोठा, मागची वाळू पुसून तेथें निळसर धुकें, पाणी नाहीं, पाय नाहींत, आणि खांद्यावर, कोणाचीं म्हणून कळूं नयेत अशीं, मनगटावांचून चार बोटें. आजीनें तसबीर हातांत घेतली, चष्मा पुसून पुन्हां पाहिली, आणि एवढेंच विचारलें, "हीं बोटें माझींच ना?"

त्या स्टुडिओवाल्यानें आपलें काम प्रामाणिकपणें केलें होतें, हें आम्ही मुद्दाम सांगतों. त्यानें दाम अधिक घेतला नाहीं कीं कागद हलका वापरला नाहीं. त्याची समजूत एवढीच कीं, तसबिरींत चेहरा हा माल आणि बाकीची जागा हें बारदान. बारदान जितकें कमी तितका माल चोख. आमचा वाद त्या मनुष्याशीं नाहीं, ह्या समजुतीशीं आहे. आणि ही समजूत एकट्या त्याची नसून आज घरोघर पसरलेली आहे.

मोकळी जागा हें बारदान नव्हे. तिचें पहिलें काम माप देण्याचें. तीन वर्षांचें मूल किती लहान असतें, हें आपणांस कशावरून कळतें? भोंवतालच्या मोठ्या वस्तूंवरून. समुद्र, आकाश, सुरूचीं झाडें, आजीचा गुडघा, ह्यांच्यापुढें तें लहान. हीं मापें काढून घेतलीं आणि चेहरा हातभर केला, कीं तीन वर्षांचें मूल आणि साठ वर्षांचा पुढारी हे एकाच उंचीचे होतात. लहानपण हेंच ज्या तसबिरीचें प्रयोजन, तिच्यांतून लहानपणच प्रथम हद्दपार होतें. ज्या आईबापांस मूल लवकर मोठें होतें म्हणून वाईट वाटतें, त्यांनींच त्यास कात्रीच्या एका फटक्यानें मोठें करावें, ह्याला काय म्हणावें?

मोकळ्या जागेचें दुसरें काम दिशा देण्याचें. मूल ज्या बाजूस पाहत असेल त्या बाजूस जागा ठेवली, तर पाहणाराची दृष्टिही त्या बाजूस जाते, तेथें कांहीं नाहीं असें पाहून परत मुलाकडे येते, आणि मुलाच्या मनांत काय चाललें असेल ह्याचा विचार करूं लागते. तीच जागा कापली कीं मूल भिंतीला नाक लावून उभें राहिल्यासारखें दिसतें. आक्षीच्या त्या चित्रांतील सारी गोष्ट मुलगी आणि पाणी ह्यांच्यामधल्या अंतरांत होती. अंतर कापलें, गोष्ट गेली, गाल राहिला.

हें केवळ प्रकाशाच्या यंत्राचें शास्त्र नव्हे. आपल्या चित्रकारांस तें उत्तम ठाऊक होतें. सांवळाराम हळदणकर ह्यांचें 'ग्लो ऑफ होप' हें जलरंगांतील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत आहे, आणि पुष्कळ लोक अजूनही तें रविवर्म्याचें समजून पाहतात. चित्रकारानें आपल्याच मुलीच्या हातीं दिवा देऊन तिला समोर उभें केलें. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड आपणांस इतका कोमल वाटतो, तो भोंवताली सोडलेल्या अंधुक जागेमुळें. ती जागा कातरून नुसता चेहरा ठेवला, तर दिवाही जाईल आणि उजेड कोठून आला हेंही कळणार नाहीं. वडिलांनीं मुलीचें चित्र कसें काढावें ह्याचा हा एक धडा आहे.

मुलांच्या चित्रांवरील ही कात्री आजची नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे. १८३९ सालीं दाग्येरची कृति जगापुढें आली. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे आपल्याकडील गृहस्थ तींत होते. त्या काळांत काचेवरचें रसायन ओलें असतांनाच चित्र घ्यावें लागे, आणि तें उमटेपर्यंत कित्येक सेकंद समोरच्या मनुष्यानें हालतां कामा नये. लहान मूल इतका वेळ स्थिर कसें राहणार? तेव्हां विलायतेंत एक युक्ति निघाली. आईनें मुलास मांडीवर धरावें, आईच्या अंगावरून कापड टाकून तिला खुर्चीसारखी झांकावी, आणि तरीही तिचा जो भाग दिसेल तो पुढें पुठ्ठ्याच्या चौकटीखालीं दडवावा. अशीं चित्रें पुष्कळ शिल्लक आहेत. कापडाखालून एखादा हात बाहेर आलेला असतो. मूल निश्चिंत बसलेलें असतें, कारण त्यास ठाऊक असतें कीं ही खुर्ची नव्हे, आई आहे. पाहणारास तेवढें ठाऊक होऊं नये, अशी व्यवस्था केलेली असते.

त्या लोकांस सबब होती. काच मंद होती. आज सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र निघतें. मूल धांवत असलें, उडी मारीत असलें, तरी बिघडत नाहीं. सबब गेली, आईला आणि आजीला झांकण्याची खोड मात्र राहिली. पूर्वीं कापडानें झांकीत, आतां कात्रीनें कापतात, एवढीच काय ती सुधारणा!

आतां विरुद्ध पक्षाचे आक्षेप घेऊं. पहिला आक्षेप असा कीं, गिऱ्हाइकास चेहराच हवा असतो. असेल; पण कशासाठीं हवा असतो, हा प्रश्न आहे. ओळख पटविण्यासाठीं चेहरा हवा, हें आम्हांस मान्य आहे. पांच वर्षांच्या आंतील मुलाच्या आधार कार्डासाठीं बोटांचे ठसे घेत नाहींत, चेहऱ्याचें छायाचित्र मात्र घेतात. तेथें भोंवतालचा समुद्र कोणी मागितला तर तो वेडा ठरेल. परंतु आपलें मूल ओळखण्यासाठीं आईला तसबीर लागत नाहीं. भिंतीवरची तसबीर ओळखीसाठीं नसून आठवणीसाठीं असते. ओळखीचे नियम आठवणीस लावणें म्हणजे घरास कचेरी करणें होय.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. मोठमोठ्या छायाचित्रकारांनीं चेहरे जवळून घेतलेच आहेत कीं नाहींत? घेतले आहेत. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) ह्यांचें नांव मराठी वाचकांस सांगावयास नको. त्यांच्या पुस्तकाचें नांवच 'चेहरे' असें आहे, आणि तें नांव त्यांस शोभतें. पण ते चेहरे प्रौढांचे होते, नटनटींचे व गुणीजनांचे होते. प्रौढ मनुष्याच्या चेहऱ्यावर त्याचें पन्नास वर्षांचें आयुष्य लिहिलेलें असतें. कपाळावरची प्रत्येक आठी हा त्यांतील एकेक मजकूर. असा चेहरा एकट्यानें सारी चौकट पेलूं शकतो. मुलाच्या चेहऱ्यावर अद्याप कांहीं लिहिलेलें नाहीं. त्याचा स्वभाव पाहावयाचा तर तो पोटावर ओढलेल्या सदऱ्यांत, मुठींत धरलेल्या शिंपल्यांत, एका पायावर दिलेल्या भारांत आणि आईपासून तें किती पावलें लांब गेलें आहे त्या अंतरांत पाहावा लागतो. म्हणून प्रौढाची तसबीर जवळून घेणें ही पुष्कळदां कला असते. मुलाची तसबीर तशीच घेणें हा बहुतेक वेळां आळस असतो.

तिसरा आक्षेप असा कीं, आतां चित्रें मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेवर पाहिली जातात. तेथें कोपऱ्यांतलें मूल दिसणार कसें? ह्यास आमचें उत्तर सरळ आहे. काच लहान आहे म्हणून मूल कापूं नका. चित्र कागदावर मोठें छापा. आणि छापावयाचें असेल तर आणखी एक हिशेब ध्यानांत ठेवा. चौकटीची रुंदी निम्मी आणि उंची निम्मी केली म्हणजे चित्राचा चौथाच हिस्सा हातीं राहतो. दोन कोटि चाळीस लाख बिंदूंचें चित्र असेल तर साठ लाखांचें उरतें. पाव आणखी कापलें तर त्याहून कमी. मग तेंच ताणून हातभर करावयाचें, म्हणजे गालाची कातडी मेणाची दिसूं लागते, आणि ती दिसूं नये म्हणून वर आणखी गुळगुळीतपणाचा लेप द्यावा लागतो. एका कात्रीपायीं किती खोटेपणा करावा लागतो तो पाहा.

ह्यावरून आम्ही कात्रीचे सरसकट शत्रु आहोंत असें कोणी समजूं नये. आंरी कार्तिए-ब्रेसों हा फ्रेंच छायाचित्रकार आपल्या चित्रांस कोणी कात्री लावूं नये असा आग्रह धरणारा. पण पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनामागें पाण्यावरून उडी मारणाऱ्या मनुष्याचें त्याचें १९३२ सालचें प्रसिद्ध चित्र कापलेलेंच आहे, कारण कुंपणाच्या फटींतून तें घेतांना कडेस कुंपणच आलें होतें. १९४६ सालीं अर्नोल्ड न्यूमन ह्यांनीं संगीतकार स्ट्राविन्स्की ह्यांचें चित्र काढलें, आणि तें निर्दयपणें कापलें. पण कापून ठेवलें काय? पियानोचें भलें मोठें काळें झांकण, मागची कोरी भिंत, आणि डाव्या कोपऱ्यांत खालीं हातावर डोकें टेकलेला तो मनुष्य. म्हणजे त्यानें कात्री चालविली ती मोकळ्या जागेचा जोर वाढावा म्हणून. तिला मारण्यासाठीं नव्हे. ज्या मासिकासाठीं तें काढलें त्यानें तें नाकारलें. जगानें तें डोक्यावर घेतलें. कात्री हातांत धरण्याआधीं, आपण काय टाकतों ह्यापेक्षां काय ठेवतों हें ज्यास सांगतां येईल, त्यानें ती खुशाल चालवावी.

येथवर वाचून एखादा चतुर छायाचित्रकार म्हणेल, "हें आम्हांस केव्हांच ठाऊक आहे, आम्ही मोकळ्या जागेचेच उपासक आहोंत." असा एक वर्ग अलीकडे खरोखरच निघाला आहे, आणि आमचा अधिक तीव्र आक्षेप ह्या वर्गावरच आहे. ह्यांस काशीदची पांढरी वाळू हवी, पण तीवर घोडेवाला नको. वरसोलीचा किनारा हवा, पण ओढून ठेवलेली होडी नको. मुरुडच्या बाजूचा समुद्र हवा, पण बांबूंवर वाळत घातलेले बोंबील नकोत, आणि पसरलेलें जाळें तर नकोच. पाहुण्यांच्या मुलास पांढरा झगा घालून वाळूवर बसवितात. जवळ खेळणाऱ्या कोळ्याच्या पोरास "अरे, जरा बाजूला हो," असें सांगतात. तें हटलें नाहीं तर घरीं गेल्यावर यंत्रानें त्यास पुसून टाकतात. आतां त्यासाठीं स्टुडिओही लागत नाहीं. मोबाइलवर बोट फिरविलें कीं मनुष्य नाहींसा होतो.

ही मोकळी जागा नव्हे. ही मोकळी केलेली जागा आहे. पहिली सांपडते, दुसरी हिसकावून घ्यावी लागते. आक्षीच्या चित्रांत वाळू मोकळी होती, कारण ओहोटीच्या त्या घटकेस तेथें खरोखरच कोणी नव्हतें. जेथें माणसें राबत आहेत, जाळीं विणीत आहेत, मासळी सुकवीत आहेत, तेथें निर्मनुष्य शांतता दाखविणें हें असत्य आहे; आणि तें असत्य मुलाच्या नांवानें बोललें जातें, हें आम्हांस अधिक दुःसह वाटतें. त्या मुलानें पुढें मोठेपणीं तें चित्र पाहून समजावें काय? कीं हा सारा किनारा त्याच्यासाठीं झाडून ठेवला होता?

आणि कोळीवाड्यांतील मुलाचें काय? पाहुण्यांच्या चित्रांतून त्यास कातरून टाकतात, हें वर सांगितलेंच. पण प्रदर्शनांत मांडण्यासाठीं जेव्हां त्याचें स्वतःचें चित्र काढतात, तेव्हांही त्याचे विस्कटलेले केस आणि मोठे डोळे एवढेंच जवळून घेतात. त्याचें अंगण, त्याच्या बापाची होडी, तें ज्या जाळ्याच्या ढिगावर बसलें होतें तें जाळें, सारें कात्रीखालीं. त्याच्या आईस विचारण्याची तसदी तरी कितीजण घेतात? एका मुलाभोंवतालचीं माणसें पुसलीं, दुसऱ्या मुलाभोंवतालचें घर पुसलें, कात्री एकच. पहिल्यास मालक करून सोडलें आणि दुसऱ्यास नुसता नमुना. दोघेंही मुलें होतीं, आणि दोघांच्याही पायांखालीं एकच वाळू होती, एवढी साधी गोष्ट कोणत्याच तसबिरींत राहिली नाहीं.

नुसती टीका करून थांबणें बरें नव्हे, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. मुलाचें चित्र घेतांना आपण वांकावें, बसावें, प्रसंगीं वाळूवर आडवें व्हावें. उभ्यानें घेतलेल्या चित्रांत मूल खालीं दाबल्यासारखें दिसतें. समुद्राची रेघ मुलाच्या मानेंतून जाऊं देऊं नये. मूल ज्या बाजूस पाहतें त्या बाजूस अधिक जागा सोडावी. हातपाय सांध्यावर, म्हणजे मनगट, गुडघा, घोटा येथें, कापूं नयेत. ज्यानें मुलास धरलें आहे तो मनुष्य चित्रांत पुरता घ्यावा किंवा मूल सुटें होईपर्यंत थांबावें; परक्या बोटांचें ओझें मुलाच्या खांद्यावर ठेवूं नये. आपला किनारा पश्चिमेस तोंड करून आहे, म्हणून सकाळीं ऊन जमिनीच्या बाजूनें येतें व चेहरा उजळतो. सायंकाळीं तें समुद्रावरून येतें व समुद्राला पाठ केलेल्या मुलाची काळी आकृति होते. दोन्ही सुंदर, पण कोणतें हवें तें आधीं ठरवावें. ओहोटीच्या वेळीं ओल्या वाळूंत आकाश उतरतें, तेव्हां तर मोकळी जागा दुप्पट होते. तेवढ्यासाठीं भरती-ओहोटीचें कोष्टक पाहून निघण्यास हरकत नाहीं. आणि सर्वांत मुख्य गोष्ट: कात्री चालवावयाचीच असेल तर नकलेवर चालवावी. मूळ चित्र जसेंच्या तसें जपून ठेवावें.

ह्या शेवटच्या गोष्टीवर आमचा भर कां, तें सांगून हा लेख पुरा करतों. हा किनारा झपाट्यानें बदलत आहे. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, तें नांवापुरतें होतें. पुढें २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसकट माणसें नेणारी बोट सुरू झाली; २०२४ सालीं शिवडीपासून न्हावा-शेव्याकडे समुद्रावरून पूल झाला. आज थळच्या वाळूवर उभ्या राहिलेल्या मुलामागें खांदेरीचा दीपस्तंभ दिसतो. अलिबागेस ओहोटीच्या वेळीं कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणारीं माणसें मुलाच्या पाठीमागें मुंग्यांएवढीं दिसतात. वीस वर्षांनीं त्या जागीं काय दिसेल, हें सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

वीस वर्षांनीं तें मूल मोठें झालेलें असेल. आपला चेहरा पाहण्यासाठीं त्यास तसबिरीची गरज पडणार नाहीं. आरसा घरीं असेलच. तें शोधील तें असें कीं, मी कोठें उभा होतों, केवढा होतों, समुद्र किती लांब होता, आणि माझ्या खांद्यावर हात कोणाचा होता. त्या वेळीं तो हात जगांत असेलच असें नाहीं. आक्षीच्या त्या मुलीच्या बापानें मूळ चित्र सुदैवानें पुसलें नव्हतें. आम्हीं आग्रह करून तें पुरतें छापवून घेतलें आहे; आजी, वाळू, आकाश आणि ती लांबची पाण्याची रेघ, सारें त्यांत आहे. स्टुडिओची तसबीर अजून दिवाणखान्यांत आहे, तिला आमची हरकत नाहीं. दुसरी आजीनें आपल्या खोलींत लावली आहे.